बाबांचं ऐकेल असा स्पीकर

"खोलीतला दिवा... ल... ल... लाव," असं तो दुकानात मांडलेल्या काळ्या स्पीकरला सांगत होता, आणि स्पीकर त्याला पुरतं बोलूही देत नव्हता. "माफ करा, मला समजलं नाही," म्हणून मोकळा झाला.

मग त्यानं शेजारच्या निळ्याला तेच सांगितलं. निळ्यानं उद्याचं हवामान सांगितलं.

तिसरा पांढरा होता, वाटीएवढा. तो मात्र थांबला. त्याचं "ल... ल..." संपेपर्यंत गप्प राहिला, आणि मग फळीवरचा नमुन्याचा दिवा लागला.

मी मागेच उभी होते. बाहेर पावसाची भुरभुर, दुकानात शुक्रवारची गर्दी, आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. बाबांजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या, पण फक्त पाचपर्यंत. मी घाईघाईनं म्हणाले, "भाऊ, हा तिसरा द्या."

तो वळला. कानाच्या पाळ्या लालबुंद. "मी... दुकानातला नाही."

"अगं बाई! माफ करा हं. मला वाटलं—"

"चालेल. पण... कुणासाठी हवाय?"

इतकं साधं विचारलं त्यानं, आणि मी भडाभडा सगळं सांगून बसले. बाबांना दोन महिन्यांपूर्वी झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. गेल्या महिन्यात मी भाजी आणायला गेले तेव्हा ते न्हाणीघरात पडले. चाळीस मिनिटं हाका मारत होते, आणि जिन्यातून येणाजाणाऱ्यांना वाटलं, कुणाचा तरी टीव्ही चालू आहे. माझी रजा रविवारी संपते. सोमवारपासून बाबा दिवसाचे सात तास एकटे.

"बाबांचं बोलणं मलाच कधीकधी दोनदा विचारावं लागतं," मी म्हणाले. "या डब्याला काय कळणार?"

"त्यांचा आवाज... आहे का? फोनमध्ये?"

होता. आदल्या दिवशीचा निरोप होता, तीन सेकंदांचा. दुसऱ्या कुणाला ती निव्वळ घरघर वाटली असती. त्यानं फोन कानाशी नेला, डोळे मिटले, आणि एकदाच ऐकून म्हणाला, "छत्री विसरलीस."

पहिल्या फटक्यात बाबांचं बोलणं समजलेला तो पहिलाच परका माणूस.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझा धंदाच तो आहे. ऐकण्याची यंत्रं... दुरुस्त करतो. कानात घालायची." मग जरा हसून, "तुम्ही?"

"मी दात बनवते. कवळ्या."

"म्हणजे मी कानवाला... आणि तुम्ही दातवाली." त्यानं पांढरा स्पीकर उचलून माझ्या हातात दिला. "फार लांब नाहीत... एकमेकांपासून. एका चेहऱ्यावरच असतात."

मी हसले. दोन महिन्यांत हसायची सवय मोडली होती. आवाज जरा चुकीच्या ठिकाणाहून निघाला.

दुकानदार म्हणाला, सात दिवसांत आवडला नाही तर बदलून देऊ. कानवाला म्हणाला, त्याला बाबांचा आवाज शिकवावा लागेल, हवं तर रविवारी येतो, त्याचं दुकान आमच्या घरापासून दोनच गल्ल्या पुढे आहे. मी हो म्हणाले. घरी पोचेपर्यंत हजार शंका. कोण, कुठला, आणि मी सरळ पत्ताच देऊन आले!

*

रविवारी तो अकराच्या ठोक्याला दारात हजर. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. एक आवाज दिला की आठशे पोरं जागच्या जागी थिजायची. आता त्याच माणसाला एका वाटीएवढ्या यंत्रापुढे तोंड उघडायचं होतं.

"काय... नाव... घ्यायचं याचं?" बाबांनी विचारलं. म्हणजे, त्यांना ते विचारायचं होतं. "काय ना—" पर्यंत आलं आणि मी पुढचं बोलून टाकलं.

कानवाला उत्तर द्यायला लागला. "नाव तुम्हीच... ठ... ठ..."

"ठरवा," मी म्हणाले.

असं चार-पाच वेळा झालं. मला धीरच धरवत नव्हता. कुणी अडखळलं की मला वाटायचं, आता पडणार. शेवटी त्यानं स्पीकर खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एक सांगू? तुम्ही... मधे... पूर्ण नका करू. आम्ही दोघं पोचतो... बरोबर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बाबा? बाबा हसले! खुर्चीत गदगदून हसले, आणि डाव्या हातानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "हिला... लहानपणापासून... घाई. म्हणून शिट्टी म्हणतो... मी हिला."

"बाबा!"

"शिट्टी," तो म्हणाला. एकदाही न अडखळता. माझ्याकडे असं बघितलं, की मी उगाचच स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले.

तासाभरानं पांढरा स्पीकर बाबांचं ऐकायला लागला. "मदत हवी" म्हटलं की माझा फोन वाजणार. मला आठवण आली की मी कामावरून घरात बोलू शकणार. सगळं तीनतीनदा करून बघितलं. तरी मी म्हणाले, "ऐन वेळी चाललं नाही तर?"

"तर मला... फोन करा. मी पाच मिनिटांवर आहे." जिन्यात जाता जाता तो थांबला. "आणि त्या दिवशी 'भाऊ' म्हणालात ना... ते परत घेता आलं तर बघा."

मी दार लावून दाराला टेकून उभी राहिले. बाबा आतून म्हणाले, "ऐकलं मी. कान... चांगले आहेत माझे."

*

सोमवार गेला, मंगळवार गेला. दर तासाला मी कवळ्यांच्या प्रयोगशाळेतून घरी आवाज द्यायचे, "बाबा, ठीक?" आणि पलीकडून जडशी हाक यायची, "ठीक." संध्याकाळी कानवाला पाच मिनिटांसाठी यायचा आणि तासभर बसायचा. एकदा म्हणाला, तुमच्या बनवलेल्या दातांनी किती माणसं हसत असतील याचा हिशेब ठेवता का? मी म्हणाले, तुमच्या यंत्रांतून किती सासवा सुनांचं बोलणं ऐकत असतील, आधी त्याचा ठेवा. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच भीती वाटत होती. बाबांना एकटं टाकून मी कुठे जाणार होते? मग ही संध्याकाळची वाट बघणं कशासाठी?

बुधवारी अकरा वाजता मी घरी आवाज दिला. काही नाही.

पुन्हा. पुन्हा. स्पीकर जोडलेलाच नाही, असं फोन सांगत होता. बाबांच्या मोबाईलवर घंटा वाजत राहिली. माझ्यासमोर मेण वितळवायची ज्योत पेटलेली, हातात मेणाचा साचा. ते मेण बोटांवर ओघळलं तेही मला कळलं नाही. काकू लेकीकडे गेलेल्या. मी घरापासून पाऊण तासावर.

मी कानवाल्याला फोन लावला. "बाबा उचलत नाहीत. किल्ली खाली औषधांच्या दुकानात—"

"निघालो," तो म्हणाला.

सात मिनिटं. मी सात मिनिटं त्या घड्याळाखाली उभी होते. आमच्या मोठ्या बाई काहीतरी विचारत होत्या, मला त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. मग फोन वाजला.

"बाबा... ते... ते... ठ..."

पुढे शब्दच येईना. नुसता श्वास. फोनवर त्याची जीभ फार अडते, हे मला ठाऊक नव्हतं. "ते... ठ... ठ..." ठार? ठेचकाळले? माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. मी भिंत धरली. शब्द माझ्या तोंडात आले होते, पण एकही उच्चारायची हिंमत होईना. मग पलीकडे काहीतरी खुडबुड झाली आणि बाबांचा वैतागलेला आवाज आला, "काय... गं? कवायत... चालू होती... माझी!"

मी तिथेच स्टुलावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

घडलं होतं ते असं. बाबांनी सकाळी ठरवलं, जीभ वळवायला जुने हुकूम मोठ्यानं म्हणायचे. "सावधान!" म्हणाले की स्पीकर म्हणायचा, "माफ करा, मला समजलं नाही." "विश्राम!" तरी तेच. आठ-दहा वेळा ऐकून घेतलं आणि मग डाव्या हातानं वायरच उपटली. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून, गॅलरीचं दार लावून, बाहेर उभे राहून कवायत घेत होते.

घरी गेल्यावर मी खूप बोलले बाबांना. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "शिट्टे, मला... तो नको असं नाही. पण त्याचा कान... मी म्हणेन तेव्हा... बंद व्हायला हवा. मागे बारीकसं बटण आहे. माझ्या बोटाला... सापडत नाही."

माझ्या डोक्यात इतके दिवस एकच होतं, की त्याला बाबांचं कळलं पाहिजे. बाबांना तो हवा की नको, हे कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी कानवाला आला नाही. निरोप आला. "ज्या एका 'ठीक'साठी तुम्ही जीव मुठीत धरून उभ्या होतात, तो मला देता आला नाही. तुमच्या घराला न अडखळणारं माणूस हवं. काळजी घ्या."

*

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याच्या दुकानात गेले. भिंगाच्या दिव्याखाली तो वाकून बसला होता. कानात नळी, नळीच्या टोकाला शेंगदाण्याएवढं यंत्र. मी आल्याचं त्याला कळलंच नाही. मी उभी राहिले. त्याची मान, वाकलेले खांदे, बारीक चिमटा धरलेली बोटं बघत राहिले, आणि मला नव्यानंच भीती वाटली. हा नाही म्हणाला तर?

त्यानं मान वर केली. नळी काढली.

"मला स्पीकर बदलायचाय," मी म्हणाले. "सोबत याल?"

आम्ही स्पीकरच्या दुकानात गेलो. एकेका स्पीकरवर मी उजवा हात खिशात घालून डाव्या अंगठ्यानं बटण शोधत होते. तोही तसंच करत होता. खालच्या फळीवर एक राखाडी, थोराड स्पीकर होता, आधी कुणी बघितलाच नव्हता. डोक्यावर बशीएवढं बटण. दाबलं की तांबडा दिवा, म्हणजे कान बंद. पुन्हा दाबलं की उघडा. कान बंद करण्याआधी मला एक फोन करायचा, असं बाबांकडून मी कबूल करून घेतलं होतं. त्यानं "खोलीतला दिवा ल... ल... लाव" म्हणून बघितलं. राखाडी थांबला, आणि दिवा लावला.

"हाच," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

बाहेर पाऊस वाढला होता. बसथांब्याच्या छपराखाली आम्ही उभे राहिलो, मध्ये खोका.

"तुमचा निरोप वाचला," मी म्हणाले. "खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या मिनिटात मी मेले होते."

त्यानं मान खाली घातली.

"पण बाबा उचलत नाहीत म्हटल्यावर मला दुसरं कुणी आठवलंच नाही. भाऊबंद नाही, डॉक्टर नाही. तुम्हीच आठवलात. आणि औषधवाले सांगत होते, तुमच्या चपला त्यांच्या पायरीशीच राहिल्या होत्या. अनवाणी चार मजले चढलात तुम्ही."

पन्हळीचं पाणी आमच्या पायांशी उडत होतं. समोरून बस येताना दिसली, आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"रविवारी जेवायला या. बाबांनी बोलावलंय..." बस जवळ आली. "नाही, बाबांनी नाही. मीच बोलावतेय. स्पीकर जोडायला नको, तो मी जोडीन. तुम्ही नुसते या. मला तुम्ही आवडता. मला भीती वाटते, बाबांची वाटते, घराची वाटते, सगळ्याचीच वाटते... पण तुम्ही आवडता."

बस थांबली. माणसं चढायला लागली. त्यानं तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. ओठ थरथरले, कान लाल झाले. आणि मला कळेना, हा अडलेला होकार आहे की नकार! चालक आमच्याकडे बघत होता. मी नुसती उभी.

त्यानं खोका छपराखालच्या बाकावर ठेवला. माझी मेणानं भाजलेली बोटं हातात घेतली, जपून, कडेनं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"एकला."

"मी... बाराला येतो." मग एक मोठा श्वास घेऊन, हसू दाबत, अख्खं अंग एका अक्षरात गोळा करून तो झगडायला लागला, "ह... ह..."

ते "हो" यायला वेळ लागला. बस भरली, दार मिटलं, निघूनही गेली. आम्हाला काही घाई नव्हती.