मोनिकासाठी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं बाबांनी बजावलंय. तरी सांगते. जरा जवळ सरका.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, माझी चुलतबहीण बोरा तिच्या मावशीने दिलेली तिळाच्या तेलाची बाटली पोचवायला आमच्याकडे आली. स्वयंपाकघरात मुळ्याचं सूप रटरटत होतं, मी दारात उभी राहून त्यावर लक्ष ठेवत होते. खोलीत मेणबत्त्या लागल्या होत्या. पुरुष एका भिंतीशी बसले, बायका समोर. आम्हा कोरियन कॅथलिकांत मृतांसाठी पुरुषांनी एक ओळ गायची, बायकांनी दुसरीने उत्तर द्यायचं, आणि सुरू झालेली प्रार्थना मध्येच तोडायची नाही.

"मोठे बाबा, यंदा प्रार्थनेत आईचं नाव घ्याल ना?" बोराने माझ्या बाबांना विचारलं. तिची आई मोनिका उन्हाळ्यात वारली होती.

"नवरा गेल्यावर घर सोडून बुसानच्या मासळीबाजारात जाऊन बसली. तिचं नाव या घरात नाही," बाबा म्हणाले.

"तुम्हीच हाकललंत तिला!"

"जीभ फार चालते गं तुझी. खाली बस."

बोरा बसली. तिचे कान रागाने जळत होते. आईने याच खोलीत यांच्या पूर्वजांसाठी वर्षानुवर्षं घसा सुकवला होता... आज एक ओळही गाणार नाही, असं ठरवून तिने ओठ घट्ट मिटले.

बाबांनी पहिली ओळ गायली. उत्तर द्यायला बायकांत दोघीच होत्या, आणि माझ्या आईचा घसा बसलेला.

"गा ना गं," ती कुजबुजली.

बोराने मान फिरवली.

आणि उत्तर आलं. स्वयंपाकघरातून... शेवटचं अक्षर लांबवत. मोनिकाकाकू तशीच गायची. खोलीभर मासळीचा वास पसरला.

"आत कोण आहे?" माझ्या आईने विचारलं.

"कुणी नाही," मी दारातून म्हणाले. "नुसतं सूप."

बाबा गात राहिले. मृताचं नाव घ्यायची ओळ आली. "पेत्रोसाठी..." त्यांनी आजोबांचं नाव घेतलं. या वेळी उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरातला आवाज जणू दुसऱ्या नावाची वाट बघत होता.

"तिचं नाव घ्या," बोरा दात आवळून म्हणाली.

"मेलो तरी घेणार नाही."

मग आतूनच ती ओळ आली. "योसेफसाठी..."

योसेफ हे बाबांचं नाव.

बोरा धावत आत गेली. तिथे कुणी नव्हतं. चूल पेटलेली होती, आणि तिच्यावरचं सूप बर्फासारखं गार.

तेव्हापासून बाबा खंगत चाललेत. आज पुन्हा तोच दिवस, आत चुलीवर तसंच सूप. बोराने तेच विचारलं, बाबांनी तेच उत्तर दिलं. यंदा बायकांच्या बाजूला मीही बसणार आहे. आणि मीसुद्धा ओठ मिटूनच बसणार आहे.

"कुठे उलथलीस गं? चल, सुरू करायचंय!"

आले, बाबा. एवढंच सांगते, आत सूप रटरटत होतं ना, त्याचा आवाज आत्ताच थांब—