सिद्धीचा नंबर

रत्नाकरला नव्या मारुती गाडीच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. नंबर मात्र २७१२ च हवा होता. सत्तावीस डिसेंबर हा सिद्धीचा वाढदिवस. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नवससायासाने झालेली ही एकुलती एक मुलगी. आरटीओत जादा फी भरून, ओळखीपाळखी लावून त्याने तो नंबर मिळवला. चामराजपेटेत त्याचा स्वतःचा छापखाना होता, त्यामुळे पाटीबद्दलही त्याचा हट्ट. आकडे रंगवलेले नकोत, पत्र्यातून उठून आलेले हवेत. तशी पाटी त्याने कुठूनशी करवून आणली. त्याची बायको सुलभा मनातल्या मनात हसली. लेकीच्या बाबतीत तो असाच होता.

गाडीची पूजा बनशंकरीच्या देवळापुढे झाली. फुलवाली कृष्णाबाई सुलभाच्या रोजच्या ओळखीची. सिद्धीसाठी ती मोगऱ्याचा गजरा नेहमी बाजूला काढून ठेवायची. हार बांधायला ती पुढे वाकली, पाटीवर उडालेलं कुंकू तिने बोटांनी पुसलं आणि तिथेच थबकली. मग खालचा नारळ उचलून तिने गाडीच्या दिव्यावर हाणला. पुन्हा हाणला. दिवा फुटला, काचा तळहातात घुसल्या, तरी ती हाणतच राहिली. लोकांनी धरलं तेव्हा कुठे थांबली.

"अक्का, हार सरी बसला का बघा," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. कोपरावरून रक्त ठिबकत होतं.

"अंगात आलं असेल," घरी येताना रत्नाकर म्हणाला. सुलभाला ते पटेना. देवळापुढे अंगात आलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. त्या हार सरळ बसला का म्हणून विचारत नाहीत.

दयानंद बेळगावहून आला, तो खास गाडी बघायला. रत्नाकरचा हा धाकटा भाऊ इतका मऊ, की घरात झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. जेवणानंतर तो सिद्धीला घेऊन खाली गेला. सुलभा गॅलरीतून बघत होती. सिद्धी मागच्या सीटवर जाऊन बसली. दयानंद पाटीपुढे उकिडवा बसला आणि लहान मूल पाटीवरची अक्षरं गिरवतं तसं त्याने आकड्यांवरून बोट फिरवलं.

मग तो उठला आणि पुढची काच कोपराने फोडू लागला.

सुलभा खाली पोचली तेव्हा तो बॉनेटवर चढून आत हात घालत होता. हात मागच्या सीटपर्यंत पोचत नव्हता. सिद्धीच्या केसांत काचेचा चुरा होता. ती रडत नव्हती.

"वहिनी, नंबर छान मिळाला हं," खाली उतरून दयानंद म्हणाला. दंडावर बारा टाके पडले. कशाने कापलं, ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

"ती पाटी काढा," सुलभाने त्या रात्री नवऱ्याला बजावलं. "रस्त्यावरच्या लोकांना काही होत नाही. आपल्याच माणसांना होतंय. सिद्धीवर जीव असलेल्यांना."

"नंबराने काय होणार आहे?"

"मला माहीत नाही. पण काढा."

नवी काच बसून गाडी परत आली, त्या रविवारी सकाळी तो पाना घेऊन खाली गेला. शेजारचे नागनाथ मदतीला म्हणून थांबले. सुलभा भाजी निवडत होती. खालून कुणीतरी पोतं आपटावं तसा आवाज आला. एकदा. मग सारखा.

नागनाथ जमिनीवर पडले होते. कपाळ फुटलं होतं. रत्नाकर पाना पुसत उभा होता.

"एकच बोल्ट निघाला," तो सुलभाला म्हणाला. "दुसरा स्वल्प घट्ट आहे."

लोकांनी नागनाथांना रिक्षात घातलं. रत्नाकरही त्यांच्यासोबत बसला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, "कुणी मारलं हो यांना?" असं तो सगळ्यांना विचारत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. 

अंगण रिकामं झालं. पाटी एका बोल्टवर लोंबत होती. आता ती कुणाच्या नजरेस पडायला नको, सुलभाने ठरवलं. ती वर जाऊन वरवंटा घेऊन आली. एक घाव घातला की उरलेला बोल्ट तुटला असता. पाटीकडे बघायचं नाही, एवढं मात्र तिने मनाशी पक्कं केलं.

सिद्धी केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

"सिद्धी, उतर खाली."

"थांब ना आई. बाबा येईपर्यंत."

सुलभा गाडीच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. डोळे घट्ट मिटले आणि बोल्ट कुठे आहे ते हाताने चाचपू लागली. पत्रा उन्हाने तापला होता. बोटांखाली काहीतरी उंच लागलं.

दोन.

सात.

बोटं थांबेनात.

एक. दोन.

सुलभा उठून उभी राहिली. तिला फार बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. ती गाडीला वळसा घालून डाव्या दारापाशी आली. वरवंटा हाताला हलका लागत होता.

सिद्धी आईकडे बघून हसली आणि हँडल फिरवत काच खाली घेऊ लागली.