पुलाखालची ठकठक

फोन सकाळीच आला. "बाई, तो गेलेला नाही हो. पुलाखालून ठोकतोय!"

बोलणारी पाणबुड्याची बायको होती. पाण्यात उतरून पुलाचे खांब तपासणारा तिचा नवरा पूर ओसरल्यापासून बेपत्ता होता. लोकांनी निकाल लावूनही टाकला होता: दुसरी बाई असणार, नाहीतर बाटली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

फौजदारबाई पुलावर पोचल्या. एक बस गेली आणि खालून आवाज आला. ठक. ठक. मग रस्ता बराच वेळ मोकळा राहिला. खालीही सगळं गप्प होतं.

"त्याचीच खूण," बायको म्हणाली. तिच्या हातात घडी केलेला टॉवेल होता. "पाण्यातून वर आला की शिडीवर असाच ठोकायचा. मी टॉवेल घेऊन उभी असायचे."

"कामाचं काही सांगायचा?"

"माझी लाल नेलपॉलिश पळवायचा मेला!" तिनं जीभ चावली. "खांबाच्या पायाशी मोठाले दगड टाकलेत ना, पाण्यानं खालची माती उकरू नये म्हणून? त्यांना ठिपके द्यायचा. कुठला हलला ते कळतं म्हणे. माझी नखं बोडकी आणि दगडांचा नट्टापट्टा!" ती हसली आणि हसता हसताच रडू लागली.

बाईंनी होडीतून खांबापाशी बांबू खुपसून पाहिला. वर वाळू सपाट दिसत होती, पण बांबू लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. दगड कुठेच लागला नाही.

तिच्या थोरल्या दिराचं घर नदीच्या वरच्या वळणावर होतं. नदीनं पात्र बदलून त्याचं निम्मं परस गिळलं होतं. आता मात्र काठावर दगडांचा भक्कम बांध उभा होता. त्याचा एक तुकडा अलीकडेच रचलेला दिसत होता.

थोरल्यानं आपल्या हातानं चहा दिला. "धाकटा असाच. मनात आलं की निघाला. येईल."

"खांबाखालचे दगड कुठे गेले?"

"पुरानं नेले."

"कुठे नेले?"

"खाली, आणखी कुठे? बाई, दगड काय पाण्याच्या उलट पोहतो?"

"नाही ना? मग हा बांध कशाचा?"

"खाणीतले दगड आहेत."

बाईंनी कप खाली ठेवला. हवालदारांनी पहारीनं एक दगड उलटा केला. त्याच्या खालच्या अंगाला नखाएवढा लाल ठिपका होता.

"पाणी कमी होतं तेव्हाच तुम्ही खांबाभोवतीचे दगड उचलून इथे आणलेत," बाई म्हणाल्या. "मग पूर आला. खांबाचा पाय उघडा पडला होता, नदीनं तो उकरला. पाणी उतरताना खड्ड्यात वाळू भरली, म्हणून वरून सगळं आलबेल दिसतं. पण खांब खचलाय. त्याच्यावरचा आडवा गर्डर सुटलाय, गाडी गेली की आपटतो. तीच ती ठकठक. तुमच्या भावाला खाली दगड दिसले नाहीत, आणि वरच्या अंगाला नवा बांध एकच आहे. तो इथे आला. एक दगड त्यानंही उलटला."

"नदी दारात आली होती हो! मी कुठे जायचं होतं?" थोरला ओरडला. "पाया पडलो त्याच्या. म्हणाला, दादा, बस जाते त्या पुलावरून, मला सांगावंच लागेल. मी नुसतं ढकललं... डोकं दगडावर..."

"आता कुठे आहे तो?"

थोरल्यानं नव्यानं रचलेल्या तुकड्याकडे पाहिलं. हवालदारांनी पुन्हा पहारी उचलल्या.

बाई परतल्या तेव्हा पुलाच्या दोन्ही तोंडांना अडथळे लागले होते. बायको कठड्यापाशीच उभी होती.

"आवाज थांबला," ती म्हणाली. बाईंच्या तोंडाकडे पाहिल्यावर तिला पुढचं विचारावं लागलं नाही. बाईंनी तिला सगळं सांगितलं, दिराचं नावही.

ती म्हणाली, "म्हणजे मला सोडून गेला नव्हता."

"नाही."

तिनं टॉवेलाची घडी नीट केली. "मला तिकडे घेऊन चला, बाई. त्याचं अंग पुसायचं राहिलंय."