बाळकुमच्या खाडीतला नारळ

विकीनं त्या संध्याकाळी बाळकुम नाक्यावर एक नारळ घेतला. दुकानदारानं विचारलं, "पूजा काय रे?"

"नाय. माप घ्यायचंय."

कुंडलिककाका एवढं बोलून थांबले. खाडीकाठी पोरं सरकून जवळ बसली. "विकी माझा शेजारी," काका म्हणाले. "ऐकीव नाय सांगत."

गेल्या वर्षीची तेरा जानेवारी, सोमवार, पौष पौर्णिमा. बरोबर चौदा दिवसांपूर्वी, अमावास्येच्या रात्री, विकीचा मोठा भाऊ, त्याचा दादूस, कमलेश खाडीत गेलेला. प्रवासी बोटी चालवायच्या म्हणून खाडीचं पाणी किती आणि किती जोरानं वाहतं, ते मोजायचं काम या दोघा भावांना मिळालं होतं. भरती-ओहोटीची पुरी फेरी, दर तासाला एक माप, म्हणून रात्रपाळी. यंत्र होतं, पण दादूस आधी स्वतःचं माप घ्यायचा. नारळाखाली बांबूची फुली, तिला गोणपाट. ते पाण्याखाली राहतं, म्हणून वाऱ्यानं नारळ भरकटत नाही. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला त्याला किती वेळ लागतो, ते विकी मोबाईलवर बघायचा. तसाच नारळ सोडायला कमलेश वाकला, रात्री एक वाजता, आणि तोल जाऊन पाण्यात गेला.

लोक धावत आले. पाणी कुठे चाललंय? विकीनं बोटं मोजली. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे आजोबांचं गणित; अमावास्या पंधरावी तिथी. "भरती सव्वाअकराला झाली! सुकती लागली, ओहोटी!" सगळ्या होड्या घोडबंदरकडे, समुद्राच्या अंगाला गेल्या. चार दिवस शोधलं.

"मग गणित चुकलं?" पोरांतल्या करिश्मानं विचारलं.

"गणित समुद्राकाठचं गो. इथवर पाणी यायला दोन-अडीच तास जास्त लागतात. कमलेशला ते ठाऊक होतं. विकी घाबरलेला. आणि आम्ही होड्या काढेपर्यंत खरंच सुकती लागलेली, म्हणून कोणाला शंका नाय आली."

विकीची आई बायजा दहावा करू देईना. "आधी माझ्या पोराला आणा," एवढंच म्हणायची. विकीकडे बघायची नाही.

पौर्णिमेला पाणी पुन्हा अमावास्येच्याच वेळेवर येतं. विकी एकटाच होडी घेऊन गेला. रात्री एक वाजता, त्याच खांबाजवळ, त्यानं नारळ सोडला.

नारळ कल्याणकडे निघाला. वर.

विकी वल्ही टाकून रडला. आपण सगळ्यांना उलट्या बाजूला धाडलं. दादूस तिकडे, आणि आपण इकडे हाका मारत होतो...

तो नारळाच्या मागे लागला.

पावणेदोनला पाणी उलटलं. पानं मागे फिरली. फेस मागे फिरला. प्लास्टिकच्या बाटल्या होडीला घासून समुद्राकडे गेल्या.

नारळ फिरला नाही.

तो वरच चालला. पाण्याच्या उलट. हळूहळू.

विकीचे हात सोलले. होडी मागे पडली...

नारळ थांबला.

होडी जवळ आली. नारळ पुन्हा निघाला.

"दादूस?"

...

"दादूस, थांब ना रे... दमलो."

थांबला.

डोंबिवलीचे दिवे दिसायला लागले तेव्हा चार वाजले होते. नारळ खारफुटीत शिरला. विकीनं बॅटरी मारली. मुळांत अडकलेला निळा शर्ट...

 

"पोलिसांनी कमलेशला डोंबिवलीच्या मोठागावहून गाडीनं नेलं," काका म्हणाले. "विकी होडी घेऊन एकटा परत आला. मी इथंच उभा होतो. होडी नेहमीपेक्षा बरीच खाली बुडालेली. मी ओरडलो, 'पाणी शिरलंय काय रे?' तो म्हणाला, 'कोरडी आहे, काका.' मी हात घालून बघितलं. कोरडी."

"मग?"

"दहावा झाला. कावळाही लगेच शिवला. बायजानं विकीला जवळ घेतलं. पण अजून तो एकटा होडीत बसला, की होडी दोघांच्या वजनाएवढी खाली जाते."