झिपरूची मूठ

“या घरना रोटमा आजपासून तुनी मूठ नही!”

धाकट्या भावाचे, रतिलालचे हे शब्द काळजात रुतले त्याला काही पावसाळे लोटले होते. पण धुळ्याच्या मोटारस्टँडवर उतरताना झिपरूला ते पुन्हा जसेच्या तसे ऐकू आले. श्रावणात कानबाई देवीचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी करायची, तर घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा आणि तो रोट घरच्यांनीच खायचा. ज्याची मूठ नाही तो घरचा नाही... याहून जिव्हारी लागणारं बोलणं भावाला सापडलं नसतं.

आणि झिपरूचा दोष तरी काय? स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांनी पांझरा नदीला पूर आला, तेव्हा रतिलाल कामासाठी शिंदखेड्याला गेलेला. पाणी घरात घुसलं, भिंत कोसळली. झिपरूच्या एका हातात आई, दुसऱ्या हातात रतिलालची गरोदर बायको सुनंदा! दोघींना ओढून धरणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. आईच म्हणाली, “मन्हा हात सोड, झिपरू. तिना पोटमा जीव शे.”

त्यानं सोडला...

सुनंदा बेशुद्ध होती, असं त्याला वाटलं. सासूच्या प्राणांवर आपण जगलो हे कळलं तर ही पोर जन्मभर झुरेल, म्हणून रतिलालनं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, हो, माझ्याच हातून आई सुटली. त्यावर रतिलालनं त्याची मूठ तोडली, आणि तो बोदवडला जाऊन कापसाच्या जिनात हमाली करत राहिला.

आता शहर डोळे भरून पाहायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं, एवढाच त्याचा बेत होता. पण हे धुळं कुठलं? डोळे मिटून ज्या गल्ल्यांतून तो हिंडायचा, तिथं आता उंच जोत्यांची नवी घरं उभी होती. जिथं चिखलात प्रेतं शोधली, तिथं बांगड्यांची दुकानं लागली होती आणि बायका हसत घासाघीस करत होत्या. आपलं लाडकं शहर सावरलं याचा आनंद व्हावा, की आपल्यावाचून सावरलं याचं वाईट वाटावं, त्याला काही कळेना. शेवटी स्वतःच्याच घराचा पत्ता परक्या माणसाला विचारायची वेळ त्याच्यावर आली!

दार उघडंच होतं. ओसरीवर रतिलाल सुपात गहू काढत होता. आधी त्यानं स्वतःच्या नावाची सव्वा मूठ टाकली, मग मुलाची. झिपरूनं मान फिरवली. पुढचं पाहायची ताकद त्याच्यात नव्हती. इतक्यात रतिलालचा आवाज आला, “ही झिपरूभाऊनी.” त्यानं दोन्ही हातांची ओंजळ भरली होती. थोरल्या भावाचा पंजा मोठा, त्याची मूठ आपल्या मुठीत मावायची नाही, हे तो विसरला नव्हता.

झिपरूच्या घशातून हुंदका फुटला. रतिलालनं वर पाहिलं, ओंजळ तिथंच सांडली आणि तो धावत येऊन पायांवर पडला. खूप शोधलं, पार असोदा गावापर्यंत माणसं धाडली, एवढंच तो कसंबसं सांगत होता.

दाराआडून पदर सावरत सुनंदा म्हणाली, “मी बठ्ठं ऐकेल व्हतं, भाऊ. सांगानी हिंमत नही व्हयनी. पोरगा व्हयना तवय यास्ले सांगं.”

म्हणजे ज्या गोष्टीपासून तिला वाचवायला तो परागंदा झाला, ती तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, आणि पोरगा झाल्यावर तिनं ती रतिलाललाही सांगितली होती... मग एवढी वर्षं कशासाठी गेली? रागवावं की रडावं, हेही त्याला सुचेना.

रतिलालनं गव्हाची टोपली पुढं सरकवली. “दरसाल तुनी मूठ मी टाकस. आज तू टाक, भाऊ.”

झिपरूनं उजवा हात पुढं केला. आई याच हातातून सुटली होती. गव्हात बोटं बुडाली, मूठ वळली. आता ती सुपात सोडायची होती... आणि ती काही केल्या उघडेना. रतिलाल जवळ बसला, आणि भावाचं एकेक बोट त्यानं हलकेच मोकळं केलं.