गरम हवा आली का?

"मरायची एवढी घाई आहे का तुम्हाला?"

ओळख होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच मी त्याला हे सुनावलं. लोक पहिल्या भेटीत काय काय गोड बोलतात... मी हे बोलले. पण माझाही इलाज नव्हता. कडाक्याच्या थंडीत, सकाळी साडेआठला, गोल पाठीची एक ठेंगणी जुनी स्पोर्ट्स कार गॅरेजच्या दारात येऊन थांबली. दोन्ही काचा खाली, आणि आत कानटोपी, मफलर, हातमोजे घालून कुडकुडणारा एक माणूस.

"काचा का उघड्या?" मी विचारलं.

"हीटर लावला की डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. म्हणून काचा उघडतो. मग थंडी वाजते. म्हणून हीटर वाढवतो."

"आणि हे किती दिवस?"

"तीन आठवडे."

मग मी ते वाक्य बोलले. किल्ली काढून घेतली आणि त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

बाबा स्टुलावर बसून हे बघत होते. गॅरेज त्यांनीच उभं केलं. आता गुडघे बोलायला लागल्यापासून ते फक्त माझ्या कामात खोड्या काढतात. "अगं, गिऱ्हाईक आहे ते," ते म्हणाले, "चोर नाही."

गाडी वर घेतली आणि त्याला खाली बोलावून दाखवलं. या गाडीचं इंजिन मागे, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही. पंख्याच्या हवेवर थंड होतं. धुराच्या तापलेल्या नळ्यांवर पत्र्याचं आवरण असतं, त्यातून पंख्याची हवा गरम होऊन पायाशी येते. बस, एवढंच. पण आतल्या नळ्या गंजून भोकं पडली होती, आणि याला गरम हवेबरोबर धूर फुकट मिळत होता. वर आधीच्या कोणी कोणी काय काय जोडून ठेवलेलं - विजेचे तीन पंखे, एक मोटर, एक डबा, त्या डब्याला सांभाळायला दुसरा डबा. नाकापेक्षा मोती जड.

"सगळंच काढून टाका," तो म्हणाला. "किडलेलं ठेवू नये."

"तुम्ही काय करता?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"तरीच! ऊठसूट उपटायचं. अहो, हीटर काढायचा नसतो, सोपा करायचा असतो. धुराच्या नव्या नळ्या, त्यांवर नवी आवरणं, पंख्यापासून सरळ एक नळी, एक झडप, एक केबल आणि दोन सीटच्या मध्ये एक दांडा. वर केला की गरम हवा सुरू, खाली केला की बंद."

"खरंच सोपं केलंत तर बरं होईल," तो म्हणाला. "महिनाअखेरीस डोंगरावरच्या इस्पितळात रुजू व्हायचंय. दोन वर्षांसाठी. सहा तासांचा रस्ता आहे, आणि वर बर्फ पडतं."

त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. नक्की वाटलं नाही.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. गाडी बघायला म्हणे. गाडीत बघण्यासारखं काय होतं? अर्धी गाडी फरशीवर पसरलेली.

"विश्वास नाही का माझ्यावर?" एकदा मी विचारलंच.

"आहे ना. पण माझे पेशंट दाढ माझ्याकडे सोडून घरी जात नाहीत. सोबत बसतात."

"तोंड उघडं ठेवून बसतात. तुम्ही तेही करताय."

तो हसला. हसला की डाव्या बाजूचा एक दात जरा पुढे येतो. स्वतः दातांचा डॉक्टर असून! मला तो दात आवडायला लागला... झालं, संपलं. बाबांनीसुद्धा ज्या दाढेला दहा वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता, ती त्याला माझ्याच बॅटरीच्या उजेडात दाखवली. "ते दातवाले आले गं," असं मला आतपर्यंत ओरडून सांगायचे. जसं काही मला गाडीखालून त्याचे बूट ओळखू येत नव्हते.

काम शनिवारी द्यायचं कबूल केलं होतं. रविवारी पहाटे तो निघणार. सोपा हिशेब होता. काम वेळेवर झालं की तो गेला. आणि रखडवलं, तर ती मी नाही. गॅस्केट मिळत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चार दिवस निघाले असते. शुक्रवारी दुपारी ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी गिळलं. दोन डबे भरून जुनं सामान निघालं, आणि गाडीत राहिली सरळ नळी, झडप, केबल, दांडा.

शनिवारी शेवटची चाचणी. तो सीटवर, मी गाडीखाली.

"दांडा वर करा! गरम हवा आली का?"

मी सरकत बाहेर आले, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत उठून उभी राहिले.

"आली का?"

"आली," तो म्हणाला. अगदी हळू. "...आली."

"आता खाली. बंद झाली?"

"हो हो, झाली."

एरवी मी स्वतःचा हात लावून बघते. त्या दिवशी नाही बघितलं. मला फक्त ते सगळं लवकर संपायला हवं होतं. त्याने किल्ली घेतली, बाबांना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघून "बराय" म्हणाला. मी पण "बराय" म्हणाले. रात्री जेवण गेलं नाही. बाबांनी माझ्या पानातलं उचलून झाकून ठेवलं.

रविवारी गॅरेज बंद असतं. तरी मी सकाळी जाऊन पाने-पकडी पुसत बसले. नऊच्या सुमारास तो आवाज आला. पाण्याशिवायच्या इंजिनाचा खडखडाट लपत नाही.

तो उतरला. शर्ट घामाने चिंब, चेहरा टोमॅटोसारखा लाल.

"तुमचा दांडा उलटा आहे," तो म्हणाला. "खाली केला की सुरू, वर केला की बंद. निम्म्या घाटापर्यंत भाजून निघालो मी."

मी गाडीखाली शिरले. खरंच की! केबल झडपेच्या भलत्याच टोकाला अडकवलेली. बारा वर्षांत असली चूक झाली नव्हती. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुद्दाम केलंत का?" त्याने वाकून विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं? लाज वाचली असती.

"नाही," मी म्हणाले. "चुकलं. लक्ष नव्हतं. तुमच्यात होतं." आणि मग मलाच राग आला. "पण तुम्ही तर आली म्हणालात! दोनदा!"

"ते हवेचं नव्हतं." तो तिथेच फरशीवर बसला. "तुम्ही गाडीखालून वर आलात ना... तेव्हा तोंडातून गेलं. आली, म्हणून."

मी पडल्या पडल्या केबल काढली, सरळ बाजूला लावली, स्क्रू घट्ट केला. या वेळी प्रत्येक जोड दोनदा तपासला, म्हणून दहा मिनिटांच्या कामाला वीस लागली. मग मला सुचलं, आणि मी गाडीखालूनच विचारलं -

"दांडा उलटा आहे हे एकदा कळल्यावर, तसाच चालवत जाता आलं असतं की. वर काय, खाली काय."

"आलं असतं."

"मग घाटातून मागे का फिरलात?"

"उद्या सकाळी रुजू व्हायचंय, रस्ता सहा तासांचा, हे सगळं माहीत होतं," तो म्हणाला. "पण तुम्हाला न सांगता गेलो असतो तर दोन वर्षं वर बसून स्वतःलाच शिव्या दिल्या असत्या. मला तुम्ही आवडता. फार. एवढं सांगायला फिरलो."

मी बाहेर आले. या वेळी दांडा स्वतः वर केला, हवेसमोर हात धरला. गरम हवा आली. खाली केला, थांबली.

"नीट ऐका," मी म्हणाले. "नवीन आवरणांचे नट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. वर तुम्हाला ते जमायचं नाही. पुढच्या शनिवारी पाने घेऊन मी येते."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर नाही लागत आवळायला."

त्याचा चेहरा उतरला. दातांचे डॉक्टर एवढे भोळे असतात हे मला माहीत नव्हतं.

"मग मी तशीच येईन," मी म्हणाले.