एक्केचाळीस टक्क्यांवर

खोटं वाटत असेल तर घाटकोपरला या. माझ्या भावाच्या गळ्यावरचे सात टाके दाखवते.

गेल्या मे महिन्यातला रविवार. भटवाडीतलं आमचं घर. दुपारचा एक वाजलेला, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या... भुताखेतांची ही काय वेळ आहे?

माझा धाकटा भाऊ नितेश घरच्या कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ बनवतो. यावेळी शेजारच्या श्वेताचं लग्न होतं. मढच्या बंगल्यात हळद झाली. त्याआधी तिच्या गुणाजीकाकांनी अंगणात जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, कोंबडा कबूल केला आणि तिथंच कापून त्याला दिला. नितेशने सगळं शूट केलं.

"कोंबडा काढून टाक रे," श्वेता म्हणाली. "सासरचे माळकरी आहेत. माझी वाट लागेल."

नितेशने गाऱ्हाणं ठेवलं. कोंबडा उडवला.

मग सगळे तुकडे जोडून अख्खा व्हिडिओ बनवायला लावला. एक्केचाळीस टक्क्यांवर कॉम्प्युटर धाडकन बंद.

"तापला असेल." त्याने झाकण उघडून टेबलफॅन लावला.

परत एक्केचाळीस... बंद.

त्याने रॅम काढली, खोडरबरने घासली, बसवली. तेव्हा मला त्याच्या गळ्यावर दोन ओरखडे दिसले.

"दाढी करताना कापलंस का रे?"

"दाढी परवा केली, ताई."

तिसऱ्यांदा लावलं. आकडा एक्केचाळीसवर थिजला.

टीव्ही गप्प. कुकर गप्प...

आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून पंखांची फडफड.

नितेशचे केस कोणीतरी धरले. मान खसकन मागे ओढली. धरणारं कोणीच नव्हतं! गळ्यावर लाल रेघ उमटली... आणि उघडली. कीबोर्डवर रक्ताची चिळकांडी उडाली.

"सोड त्याका, मेल्या!" मी लाटणं त्याच्या डोक्यामागे हाणलं. हवेतच कशावर तरी आपटलं. माझा हात पिरगळला गेला, बोट कडकन मोडलं. नितेश घशातून गुरगुरत होता. माझा भाऊ माझ्यासमोर मरत होता हो.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कबूल केलं होतं... आणि ते आम्ही काढून घेतलं होतं.

"तुझो कोंबो देतंय तुका!" मी ओरडले. रक्ताळलेल्या हाताने कॉम्प्युटरचं काम थांबवलं, कोंबड्याच्या व्हिडिओचा तुकडा ओढून परत जागेवर टाकला.

नितेश धपकन खाली पडला.

डॉक्टरांनी विचारलं, "सुरी कोणाची?"

दोन दिवसांनी अख्खा व्हिडिओ एका फटक्यात तयार झाला. मी श्वेताला पाठवला, संध्याकाळी फोन केला. "यातलं काही काढू नकोस हां." कारण सांगायची लाज वाटली. वेड्यात काढेल म्हणून.

ती हसली. "ताई, तू पण ना! कोंबडा मीच काढला मोबाइलवर. होतोय बघ तयार. अडतीस... चाळीस..."

फोनमध्ये फडफड ऐकू आली.

मग तिच्या सासूबाईंचा आवाज. "श्वेता, अगं, मान अशी मागे का..."

श्वेता वाचली. पण तिचा आवाज कायमचा गेला. तिची आई मला रोज जिन्यात भेटते आणि विचारते, "तुझ्याशीच बोलत होती ना गं ती? काय झालं?"

मी अजून तिला सांगितलेलं नाही.